बागेला लोह, बाईला झोप

अण्णा,

काल तू देवमाणूस झालास. त्याआधीची छप्पन्न वर्षं तू नुसता माणूस होतास, आणि तोही फार सरळ नव्हतास, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. पण गोदाकाठी मंडप पडला, माइक लागला, आणि तुझ्या दहाव्याला आलेल्या सात वक्त्यांनी मिळून अर्ध्या तासात तुला देव करून टाकलं. त्यातल्या चौघांना तू जिवंतपणी ओट्यावर बसू दिलं नसतंस.

एक पुढारीही आले होते. तीन पांढऱ्या गाड्या, मागे दहा-बारा माणसं. सकाळपासूनचा हा साहेबांचा तिसरा दहावा, असं त्यांच्या ड्रायव्हरनंच सांगितलं. आपले चुलते नाना लगबगीनं पुढे झाले आणि त्यांनी साहेबांच्या हातात चिठ्ठी सरकवली. मग त्या चिठ्ठीत बघत बघत साहेब बोलले. तू द्राक्षमहर्षी होतास म्हणे. पंचक्रोशीचा आधारवड होतास. आणि आपल्या धर्मपत्नीला तिच्या दुर्धर आजारात तू तळहातावरच्या फोडासारखं जपलंस. "आज त्या माउलीला काही उमजत नाही," साहेब गहिवरून म्हणाले, "पण अण्णासाहेबांचा आत्मा..." पुढचं मी ऐकलं नाही. ती माउली, आपली शोभावहिनी, माझ्या शेजारीच बसली होती, टक्क जागी. तिनं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "वन्सं, हे मलाच म्हनत्यात का?"

मी म्हटलं, हो वहिनी, तुलाच.

मागे बायकांची कुजबुज चालू होती. नणंदेनं शहरात नेली तिला, नाहीतर अण्णा असा एकटा गेला नसता. घरात असती तर निदान तोंडात पाणी तरी घातलं असतं. याच बायका, अण्णा. वहिनीच्या हातून तांब्या सांडला की पदराआड हसणाऱ्या, तिला "झोपाळी" म्हणणाऱ्या. जिच्या हातात भरला तांब्या द्यायला भ्यायच्या, तिनं पाणी पाजलं नाही म्हणून आता हळहळत होत्या. मी मागे वळून एकदाच बघितलं. कुजबुज थांबली. तेवढं बघणं मला चांगलं जमतं.

मला कुणी बोलायला सांगितलं नाही. नानांना माझ्या तोंडाचा भरवसा नाही आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. म्हणून आज इथे, गंगापूर रोडच्या माझ्या घरी, मी हे लिहायला बसले आहे. तेराव्याला सगळे जमतील तेव्हा मी हे उभं राहून वाचणार आहे. नाना अडवतील, पण माइक नसला तरी माझा आवाज ओट्यापर्यंत जातो, पंचवीस वर्षं वर्ग सांभाळलाय. तुझ्या देवपणाला कुणीतरी हात लावायला हवा. आणि तू गेलास म्हणून मी गोड बोलावं असं तुला वाटत असेल तर विसर. जिवंतपणी आपण एकमेकांशी कधी गोड बोललो नाही. आता सुरुवात केली तर तुलाच संशय येईल.

आधी तुझ्या बाजूचं सांगते, म्हणजे नंतर कुणी मला एकांगी म्हणायला नको.

तुमच्या गणेशच्या जन्मानंतर वर्षभरानं वहिनीला पहिली फिट आली. ओसरीवर धान्य निवडत होती, एकदम आडवी झाली. मी तेव्हा फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला, सुटीत घरी आलेली. अख्खी आळी गोळा झाली. कुणी कांदा फोडून तिच्या नाकाला लावला, कुणी चप्पल आणली, कुणी दातांत चमचा घालायला निघालं. मी ओरडले, बाजूला व्हा, तिला कुशीवर करा, तोंडात काही घालू नका. बावीस वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतंय? पण तू ऐकलंस. तू चप्पल हिसकून अंगणात फेकलीस, वहिनीला कुशीवर वळवलंस, डोक्याखाली आपला हात घातलास, आणि आळीला सांगितलंस, "माझी बहीण शिकलेली हाय. ती सांगंल तसं करायचं." त्या दिवसापासून कांदा आणि चप्पल आपल्या घरात पुन्हा दिसली नाही. दवाखान्याची गोळी तू एकही दिवस चुकू दिली नाहीस. अठ्ठावीस वर्षं. त्या एका वाक्यासाठी मी तुझे शंभर गुन्हे माफ केले, आणि तू ते शंभर पुरे करायला घेतलेस.

तुला उंदीर आठवतात का? माझं पीएच.डी. चाललं होतं तेव्हा तू एकदा कॉलेजात आला होतास. पिंजरे बघून विचारलंस, "हे असे मरगळलेले का गं?" मी सांगितलं, यांच्या खाद्यातलं लोह आम्ही काढून घेतलंय. तू म्हणालास, "म्हंजे धडधाकट उंदरांना अशक्त करायचा पगार मिळतो व्हय तुला?" माझ्या गाईडसमोर. मी मेल्याहून मेले.

मग मी तुला समजावलं. औषध शरीरात गेलं की ते तिथेच मुक्काम करत नाही. ते मोडून बाहेर घालवायला शरीरानं विकरं, म्हणजे एन्झाइम, ठेवलेली असतात, तू त्यांना मजूर म्हण. बहुतेक मजूर यकृतात. पण थोडे मेंदूतही असतात, आणि मेंदूत शिरलेल्या औषधाचं काय करायचं हे थोडंफार ते तिथल्या तिथे ठरवतात. या मजुरांच्या एका मोठ्या टोळीत प्रत्येकाच्या पोटात लोहाचा एक अणू बसलेला असतो. त्यावरच त्याचं काम चालतं. लोह कमी पडलं की टोळीचं काम बिघडू शकतं. जस्त, तांबं, सेलेनियम यांची प्रत्येकाची आणखी वेगळी भानगड. आणि सगळे मजूर एकसारखे बिघडत नाहीत, काही ढेपाळतात, काही उलट जोरात येतात, काहींना ढिम्म फरक पडत नाही. तेच तर आम्ही उंदरांत बघत होतो. म्हणजे ज्याच्या अंगात लोहच उरलेलं नाही अशा जिवाला नेहमीची मात्रा दिली, तर रक्तात ती अगदी बरोबर दिसेल, आणि वर मेंदूत काय गोंधळ घालत असेल ते बाहेरून कळायचं नाही.

तू कान देऊन ऐकलंस आणि म्हणालास, "हे तर बागंसारखंच झालं. माती चांगली असती, खत असतं, पाणी असतं, पन फेरस, म्हंजे तुझं लोह, कमी पडलं की कवळं पान पिवळं. मंग वरून काय बी टाका." माझ्या गाईडला जे पटवायला मला सहा महिने लागले ते तुला पाच मिनिटांत पटलं होतं. त्या रात्री मला तुझा अभिमान वाटला. हेही लिहून ठेवते, कारण यापुढे तुझ्या कौतुकाचं फारसं काही नाही.

गेल्या सात-आठ वर्षांत वहिनी झोपाळू होत गेली. गोळी तीच, मात्रा तीच, पण बाई बदलली. दुपारी बोलता बोलता मान पडायची. चालताना भिंत धरायची. भाजीत मीठ दोनदा पडायचं किंवा पडायचंच नाही. तिचं अंगावरून जाणं लांबत चाललंय, महिन्याचे दहा-दहा दिवस, हे मला तिच्या वाळत टाकलेल्या कपड्यांवरून कळलं, तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली तर पांढरीफटक. मी तुला सांगितलं, हिच्या अंगात लोह नाही, हिची गोळी हिच्यावर वेगळी चढतेय, रक्त तपास. तू म्हणालास, बघू. पुढच्या दिवाळीला म्हणालास, बघू. त्याच्या पुढच्या दिवाळीला म्हणालास, "तुझं आपलं पुस्तकातलं. उंदराचं मानसाला लावतीस."

आणि तोच तू बागेसाठी काय करायचास? फुलोऱ्याच्या दिवसांत पहाटे उठून देठ गोळा करायचास. घडासमोरच्या पानाचा देठ, नागमोडी चालत, साऱ्या प्लॉटभर. ते धुऊन, सावलीत सुकवून, कागदी पिशवीत घालून पिंपळगावला प्रयोगशाळेत स्वतः नेऊन द्यायचास, दुसऱ्या कुणावर विश्वास नाही. मग रिपोर्ट. झिंक किती, बोरॉन किती, फेरस किती. वेलीला एखादं मूलद्रव्य रेसभर कमी पडलं तर तुला झोप लागायची नाही. काय कशात मिसळायचं, फवारणीच्या एका टाकीत कोणती दोन औषधं गेली की फाटतात, हे तुला तोंडपाठ. निफाडपासून लोक तुला फोन करून विचारायचे. हजार वेलींच्या पोटात काय कमी आहे ते तुला माहीत आणि शेजारी झोपणाऱ्या बाईच्या पोटात काय कमी आहे ते नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मला त्याचं कारणही कळलं होतं, आणि ते मी मनात बरंच घोळवून ठेवलंय. पहिल्या वेळी माझं ऐकून तू शहाणा ठरत होतास, गावात एकटा शहाणा. दुसऱ्या वेळी माझं ऐकलं असतं तर तू इतकी वर्षं चुकत होतास असं ठरलं असतं. माणूस बहिणीचं कधी ऐकतो आणि कधी नाही, हे इतकं सोपं असतं.

मग तो नोव्हेंबरातला रविवार. मी आले तेव्हा तू ओट्यावर देठांच्या पिशवीवर प्लॉटचा नंबर टाकत होतास. वहिनी पाण्याचा ट्रे घेऊन दारात आली, उंबऱ्याला अडखळली आणि सगळ्या ग्लासांसकट माझ्या पायाशी पडली. फिट नव्हती. नुसती पडली, आणि पडल्या पडल्या तिथेच डोळे मिटून घेतले, जशी काही जागा सापडली. तू आधी पिशवी उचललीस. ओली होईल म्हणून. मी ते बघितलं. मग तू तिला उचललंस, हे खरं, पण आधी पिशवी.

मी म्हटलं, आज हिला मी घेऊन जाते. तिचं रक्त तपासते.

"लोखंडानं काय व्हत नाय, सुमे," तू म्हणालास. माझ्याकडे न बघता. "माझं ऐक. काय बी व्हत नाय त्यानं."

पंचवीस वर्षं हा विषय शिकवणाऱ्या बाईला हे ऐकवणारा उंटावरचा शहाणा. मी तुला काय काय बोलले ते तेराव्याला वाचायच्या लायकीचं नाही. वहिनीच्या दोन साड्या आणि फिटच्या गोळ्या पिशवीत भरल्या आणि तिला गाडीत बसवलं. तू अडवलं नाहीस. फाटकापाशी पाठमोरा उभा राहिलास.

हिमोग्लोबिन सहाच्या घरात निघालं. मेंदूचे डॉक्टर शांत माणूस. रक्तातली औषधाची पातळी तपासली तर ठीक निघाली. मी माझी मेंदूतली विकरं, माझे उंदीर, सगळं त्यांच्यापुढे मांडलं. ते म्हणाले, "मॅडम, असू शकतं. पण जिवंत माणसाच्या मेंदूतली ही विकरं मला मोजता येत नाहीत, तुम्हालाही नाही. आणि एवढ्या कमी रक्तावर माणूस तसाही झोपाळतोच. आधी लोह भरू, रक्तस्राव थांबवू, मग गोळीचं बघू." मग त्यांनी वहिनीकडे बघून विचारलं, "लोहाच्या गोळ्या आधी कधी घेतल्या होत्या का?" मी तिला तोंड उघडू दिलं नाही. "कोण देतंय हो," मी म्हणाले, "त्यांच्या घरात लोह फक्त बागेला देतात." डॉक्टर हसले. मलाही माझं वाक्य आवडलं. तिथून घरी येईपर्यंत मी ते मनात दोनदा म्हणून बघितलं.

लोह आधी सलाइनमधून दिलं, मग गोळ्या सुरू झाल्या. बायकांच्या डॉक्टरांनी रक्तस्रावावर इलाज केला. मेंदूच्या डॉक्टरांनी बेताबेतानं फिटचं औषध बदललं. आणि डिसेंबर सरता सरता एका दुपारी मी कॉलेजातून आले तर वहिनी खिडकीत बसून खालच्या भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होती. मी जिन्यातच उभी राहून ऐकलं. इतक्या वर्षांत तिचा आवाज मी विसरले होते. माझा सिद्धांत सिद्ध झाला का? नाही. लोहानं झालं, रक्त थांबल्यानं झालं, औषध बदलल्यानं झालं की मेंदूतल्या माझ्या मजुरांनी पुन्हा कामाला लागून केलं, हे कधीच कळणार नाही. बाई जागी झाली एवढं कळलं. मला रडू आलं, आणि लगेच तुझा राग आला, दोन्ही एकदम.

जानेवारीत तू आलास. एकदाच. हरभऱ्याचा डहाळा घेऊन, पावण्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसलास. वहिनीनं विचारलं, "विरळणी झाली का? घडातलं मनी केवढं झालंय?" तू तिच्याकडे असा बघत राहिलास की मला वाटलं आता म्हणशील, ही माझी बायको नाही. मी चहा आणला. वहिनीनं आपला कप बाजूला सारला. "मला नको आत्ता. गोळी घेतलीय. दोन तास चहा नाय."

"का?" तू विचारलंस.

अशी संधी मी सोडत नाही, तुला माहीत आहे. मी तुला सांगितलं की चहातलं द्रव्य लोहाला धरून बसतं, अंगी लागू देत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली काय आणि गटारात टाकली काय, फारसा फरक नाही. "एका टाकीत काय मिसळायचं नसतं ते तुला तोंडपाठ आहे ना? मग माणसाचं पोट म्हणजे काय वेगळं असतं? पहिल्या वर्षाच्या पोरींना कळतं हे. अडाण्यालाही कळेल." आणि मी हसले. वहिनीही थोडी हसली, सवयीनं, मी हसले म्हणून.

तू कप खाली ठेवलास. अर्धाही प्यायला नव्हतास. मग बराच वेळ हरभरे सोलत बसलास आणि एकही खाल्ला नाहीस. निघताना दारात म्हणालास, "सुमे, बरं केलंस." मी म्हटलं, "हे तू करायला हवं होतंस." तू दोन पायऱ्या उतरलास आणि थांबलास, वळलास, काहीतरी बोलणार होतास. मी दार लावून घेतलं. हरलेल्या माणसाचं भाषण ऐकायला मला वेळ नव्हता.

तीन आठवड्यांनी गणेशचा फोन आला. मण्यांत नुकतं पाणी उतरायला लागलं होतं, तू सकाळी प्लॉटमध्ये गेलास आणि वेलीखालीच बसलास ते उठला नाहीस. हृदय. कुणाच्या हाती काही नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. तुझ्या अंगावर मी पडून रडले ते सगळ्यांनी बघितलं, आणि नंतर बायका म्हणाल्या, बघा, आता रडते. होय, रडले. तुझ्याशी भांडायला मला दुसरा भाऊ नाही.

काल दहावा झाल्यावर भावकी ओट्यावर बसली. नाना म्हणाले, शोभाला आता घरी आणा, गणेश दिवसभर पिंपळगावच्या पॅकहाउसवर असतो, घरात दिवा लावायला बाई पाहिजे, आणि ती सुया-सलाइनची थेरं बंद करा. अण्णानं इतकी वर्षं कसं निगुतीनं सांभाळलं, तसं आपण सांभाळू. सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनी तिथे तीन हातांवर बसलेली. तिला कुणी विचारलं नाही. म्हणून मी तेराव्याला हे वाचणार आहे, अण्णा. तुझ्या निगुतीची तारीफ पुन्हा कुणी तिच्यासमोर करू नये म्हणून. देवमाणसानं बागेचे देठ तपासले आणि बायको झोपेत घालवली, हे एकदा सगळ्या गावानं कानांनी ऐकावं.

इथवर लिहिलं आणि वहिनी आत आली.

"कवाधरनं लिवताय. काय हाय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती पलंगावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "वाचा मला." मी वाचलं. पुढाऱ्यापाशी ती हसली. उंदरांपाशी पुन्हा हसली. पिशवीपाशी तिनं मांडी बदलली. डॉक्टरपाशी तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. हरभऱ्याच्या डहाळ्यापर्यंत आले तेव्हा ती खाली बघत होती. मी शेवटपर्यंत वाचलं.

"वन्सं," ती म्हणाली, "ते गोळ्या द्यायचे मला."

"फिटच्या. लिहिलंय की मी ते."

"नाय. दुसऱ्या. लोखंडाच्या."

मी कागद खाली ठेवला.

"चार वर्सं," वहिनी म्हणाली. "गावात शिबिर झालं तवा आशाताईनं रक्त बघितलं. लय कमी हाय म्हनली. तुमी त्यांना सांगत होता तेच. मंग ते उपकेंद्रातनं गोळ्या आनायचे. मी इसरायचे म्हनून सोता हातावर ठेवायचे. गिळंपर्यंत उभं ऱ्हायचे. एक दिस चुकवला नाय."

कशाबरोबर, हे मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

"सकाळच्या च्याबरोबर. तेवढा एक च्या मी ध्यानात ठिवून प्यायचे ना, म्हनून. दर वक्ताला रगत तपासायचे आन् आकडा काय हालायचाच नाय. म्हनायचे, झाडाला लागू पडतं, मानसाला नाय पडत. तुमी इचारलं की चिडायचे. काय सांगनार? देऊन बसलो, काय झालं नाय, असं?"

"मग मला का नाही सांगितलं? निदान दवाखान्यात, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

"तुमी नाय म्हनून सांगितलं की त्यांना," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मंग मी कशाला बोलू."

मग ती म्हणाली, "इथनं गेले त्या सांजंला त्यांचा फोन आला, माझ्या फोनवर. म्हनले, चार वर्सं म्या सोताच्या हातानं गटारात वतलं गं. रडले. लगीन झाल्यापासनं पहिल्यांदा. मी म्हनलं, वन्संला सांगते, त्यास्नी कळू द्या. तर म्हनले, नको."

मी विचारलं, "का?"

"म्हनले, हसंल ती."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी अजून इथेच बसले आहे. तुझी चूक होतीच, अण्णा, ती मी काढून घेत नाही. चार वर्षं आकडा हलत नाही म्हटल्यावर बाईला कुठून रक्त जातंय ते विचारायचं होतं, मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. वेलीच्या बाबतीत तू असा थांबला नसतास. पण मी जी चूक धरून बसले होते ती ही नव्हती. तू तिला झोपेत घालवलं नाहीस. तू रोज सकाळी तिच्यापुढे उभा होतास, चुकीच्या टाकीत बरोबर औषध घेऊन. आणि ज्या एका माणसाला एका वाक्यात ते सांगता आलं असतं ती दर महिन्याला तुझ्या ओट्यावर बसून तुझा चहा पीत होती, तुला नावं ठेवत. तिनं तुला कधी विचारलं नाही की तू काय केलंस. वहिनीला तर काहीच विचारलं नाही. ती माझ्यासाठी एक पांढरी पापणी होती, माझ्या उंदरांइतकी.

वहिनीनं आतून सांगितलंय, तेराव्याला वाचायचं असेल तर पुढचंही वाचा. आणि नानांना ती स्वतः सांगणार आहे की घरी येईन, पण माझ्या गोळ्या आता माझ्या हातानं घेईन. ती हे सांगेल, मला शंका नाही.

मी पुढचंही वाचेन. पण एक गोष्ट त्यांच्यासमोर वाचायच्या आधी तुला सांगते, कारण जिन्यात तू थांबला होतास ते हेच सांगायला आणि मी दार लावलं. तू मला नीट ओळखलं होतंस. तू सांगितलं असतंस तर मी हसले असते, अण्णा. पोट धरून हसले असते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांना तुझं उदाहरण दिलं असतं.